चादर सरळ होती

आबा,

तुमचा दमा कसा आहे? अजून उशीला टेकून बसूनच झोपता, की आता आडवं होता येतं? आईचे गुडघे बरे आहेत ना? तिला सांगा, आता कळशी घेऊन कुणाला खाली उतरावं लागत नाही, सोळाव्या मजल्यावर नळ सोडला की पाणी हजर. धाकट्याची कावीळ उतरली का? तो गेला तेव्हा पाच वर्षांचा होता, आता त्याला कुठल्या वयाचा धरून विचारावं तेच कळत नाही, पण मी विचारलं म्हणून सांगा. आणि शेजारच्या खोलीतली आत्या, जिला तुम्ही भांडल्यासारखी हाक मारायचात, तिला आता ऐकू येतं का?

तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मेल्यावर माणूस कुठं जात नाही, आत्मा-बित्मा काही नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत आणि मी ते आजही मानते. मग ही विचारपूस कुणाची, असं विचाराल. विचारा. तुम्हाला लिहिता येत नव्हतं म्हणून गावची सगळी पत्रं तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. अर्धं कार्ड सगळ्यांच्या तब्येतीतच संपायचं आणि मुद्दा कडेला आडवा लिहावा लागायचा. तेव्हा रीत तुमची आहे, मी फक्त पाळतेय. आज कागद मोठा घेतलाय, जाड काळं स्केचपेन घेतलंय, मुद्द्याला भरपूर जागा आहे.

मुद्दा माझ्या डोळ्यांचा आहे. बाकी मी ठणठणीत. साखर नाही, प्रेशर नाही, दात अजून चण्याला भितात पण पळत नाहीत. डोळे मात्र गेले, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. वय झालं की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतो म्हणे. कुणाचा सुका झिजतो, हळूहळू. माझा ओला निघाला. वरच्या मजल्यावर नळ गळावा आणि आपल्या भिंतीला फुगा यावा, तसं. पडद्यामागं नको तिथं बारीक शिरा उगवतात, त्या पाझरतात, पडदा फुगतो, आणि मग सरळ वस्तू वाकडी दिसते. कडेकडेचं सगळं दिसतं, नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. आता हे मला एवढं फाडफाड सांगता येतं, पण कळायला तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत डावा डोळा हातचा गेला. त्याबद्दलच तुमच्याशी भांडायचं आहे.

आठवतं का, तुम्ही गिरणीच्या रिंग खात्यात होतात, सूत कातायला. मागाच्या खात्यात तुम्हाला घेत नव्हते, कारण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढायचा असे आणि आपल्या जातीचं तोंड तिथं चालत नसे. आयुष्यभर तुम्ही सूत काढलंत आणि कापड दुसऱ्यांनी विणलं. म्हणून असेल, पण गिरणीच्या दुकानातून तुकड्याचा माल आणलात की स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, आईच्या चुलीशेजारी, तो दाराच्या उजेडात धरून बसायचात. मला बाजूला घ्यायचात. "शोध." मी म्हणायची, "चांगलं आहे की." मग तुम्ही माझं बोट धरून तुटक्या धाग्यावर नेऊन ठेवायचात, जसं एखाद्याचं नाक धरून दाखवावं. आई म्हणायची, "पोरीला भाकरी थापू द्या आधी." तुम्ही ऐकायचा नाहीत. एकदा शेजारचा माग चालवणारा माणूस आला होता, तो तुकडा बघून म्हणाला की यात काही खोट नाही, एक नंबर कापड आहे. मला खोट दिसली होती, पण मी गप्प बसले. तो गेल्यावर तुम्ही मला जे बोललात ते मला अजून पाठ आहे. मोठा माणूस म्हणाला म्हणून तुझ्या डोळ्यानं खोटं बोलायचं का? तुला वाकडं दिसलं तर वाकडंच म्हणायचं, समोर कुणी का असेना.

ते मी गाठीला बांधलं. पाचवीत शाळा सुटली, पण हे सुटलं नाही. पुढं लोअर परळच्या गारमेंटमध्ये सत्तावीस वर्षं चेकर होते. खोट दिसली की लाल स्टिकर. मास्तर गयावया करायचा, "बाई, जाऊ द्या ना, अर्जंट माल आहे." मी म्हणायची, माल अर्जंट असेल, माझा डोळा अर्जंट नाही. एकही पीस सोडला नाही.

आणि मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी दादरहून एक चादर आणली, निळ्या-पांढऱ्या चौकड्याची. घरी येऊन अंथरली तर मधोमध चौकडा लाटेसारखा हलतोय. परत नेली. दुकानदारानं बदलून दिली. तीही तशीच. पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला त्यानं दोन माणसं दोन टोकांना उभी करून चादर ताणून धरली, चार गिऱ्हाइकं जमली. तो म्हणाला, "मावशी, बदलून देतो, पण खरंच सांगतो, मला सरळ दिसतेय." मी म्हटलं, "विकणाऱ्याला सरळच दिसणार." लोक हसले, मी चौथी चादर घेऊन जिंकल्यासारखी घरी आले. चौथीही वाकडी. मग मी ठरवून टाकलं, गिरण्या गेल्या तेव्हाच चांगलं कापड गेलं.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. आपली चाळ पाडून तिथं ही उंच इमारत झाली, तुम्ही बघितली नाहीत. तिच्या खिडक्यांचे गजही मला वाकडे दिसायला लागले. मी सोसायटीत तक्रार केली. आता बिल्डरविरुद्ध तक्रार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? न बघताच सगळ्यांनी सह्या केल्या. दोघीतिघींना तर माझ्यामागून त्यांच्याही खिडक्या वाकड्या दिसायला लागल्या. एक दिवस इंजिनियर आला, गजावर लेव्हलची पट्टी ठेवली, मधला बुडबुडा बरोबर मधोमध. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुझी पट्टी वाकडी असेल. तेव्हा माझी सून पुढं झाली. ती बरेच दिवस बघत होती की मी चहा कपाच्या बाजूला ओततेय, पण बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "आई, एक डोळा झाका बरं." उजवा झाकला, तर समोर उभ्या इंजिनियरला डोकंच नाही. हेल्मेटची कड, खांदे, हातातली पट्टी, सगळं जागेवर, आणि मधे राखाडी डाग. डावा झाकला, तर माणूस अख्खा आणि गज सुतात.

चादर सरळ होती, आबा. चारही चादरी सरळ होत्या.

तर भांडण हे. कापडाची खोट शोधायला शिकवलीत, डोळ्याची खोट शोधायला का नाही शिकवलीत? दुसऱ्याचं ऐकून आपल्या डोळ्याला खोटं पाडू नकोस म्हणालात, बरोबर म्हणालात. पण आपला डोळाच कधी फितूर झाला तर काय करायचं, हे सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या माघारी एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. आज देते. डाव्या डोळ्यात तुमचाही वाटा आहे. आणि हेही लिहून ठेवते की तो दुकानदार, ती चार गिऱ्हाइकं, तो इंजिनियर, सगळे मला वेडी म्हणत असताना मी मागं हटले नाही, त्यातही तुमचाच वाटा आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

परळच्या इस्पितळातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. तिनं मला बारीक चौकड्यांचा एक कागद दिला, मधे टिंब. म्हणाली, "आजी, मधे बघा. रेषा कशा दिसतात?"

"कागद छापताना हललाय."

"मला सरळ दिसतोय."

"तुमचं वय किती?"

"एकतीस."

"मग बरोबर आहे. तुमच्या वयात मलाही सरळ दिसायचं सगळं."

ती हसली, पण पुढं सांगितलं ते सरळच. डाव्या डोळ्याला उशीर झालाय, आतमध्ये वण धरलाय, इंजेक्शनं देऊन पाझर थांबवू, पण मधलं गेलेलं परत येईल याची हमी नाही. उजव्याला अजून काही झालेलं नाही, पण होऊ शकतं. हा कागद रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचा, आणि एक जरी रेघ हलली तरी त्याच दिवशी यायचं. चादर बदलत बसायचं नाही. सुनेनं तिला सगळं सांगितलं होतं वाटतं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर सगळ्या मजल्यांवर हाहाकार. समोरची बाई म्हणाली, "अगं बाई, डोळ्यात?" मी म्हटलं, "मग काय कोपरात देणार?" पण खरं सांगते, पहिल्यांदा टेबलावर आडवी झाले तेव्हा साडीचा पदर मुठीत चुरगळून गेला. बधिर करायचे थेंब घालतात, एक पिवळं औषध टाकतात ते चरचरतं, पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावतात. मग म्हणतात, वर बघा. थोडा दाब येतो, की झालं. दूध उतू जायलाही जास्त वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, आतमध्ये काळे बुडबुडे तरंगतात, आणि घरातले सगळे कुजबुजत बोलतात, जणू मी बाळंतीण आहे. मी त्यांना म्हटलं, कान शाबूत आहेत माझे.

यंदा चैत्राच्या सुमारास एका सकाळी उजव्या डोळ्यासमोरची रेघ हलली. एकच, टिंबाच्या खाली. त्याच दिवशी दुपारी मी इस्पितळात. महिन्या-महिन्यानं तीन इंजेक्शनं झाली, दर वेळी आतला फोटो काढतात. तिसऱ्यानंतर रेषा पुष्कळशा सरळ झाल्या. आता पाझर नसेल तर दोन सुयांमधलं अंतर वाढवत नेतात. तारीख मात्र चुकवायची नाही, लग्न असो की मयत.

आता काय दिसतं आणि काय नाही, ते ऐका. तांदळातले खडे बोटांना कळतात, डोळ्यांना नाही. कोरा चहा पांढऱ्या कपात दिसतो, दूध पांढऱ्या कपात दिसत नाही, म्हणून माझ्यासाठी काळा मग आणलाय. लिफ्टमधल्या सोळाच्या बटणावर सुनेनं टिकली चिकटवलीय, आणि पंधराव्या मजल्यावरचा माणूस रोज ती खरवडतो, तर आम्ही रोज नवी लावतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, चालण्यावरून ओळखते. भिंतीवरच्या फोटोत तुमच्याकडे थेट बघितलं तर टोपी आणि कान दिसतात, चेहरा जातो. थोडं तुमच्या खांद्याकडे बघितलं की चेहरा येतो. तशी तुमच्या डोळ्याला डोळा देऊन बघायची मला सवय नव्हतीच.

आणि वाचणं. मराठी ओळ म्हणजे दोरी, तिला अक्षरं टांगलेली. उजव्या डोळ्याला ती दोरी आता जवळजवळ ताठ दिसते, पण मधेच एखादं अक्षर निसटतं, अनुस्वार तर माशीसारखे उडतात. मग मी ओळीच्या जरा वर बघते, की शब्द खालच्या बाजूनं नजरेत येतो. सुनेनं काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून दिलीय, ती पानावर सरकवत जायची. डोक्यामागून पांढरा दिवा. अर्ध्या पानाला पंधरा मिनिटं. मान दुखते. पण वाचते. सोडलेलं नाही.

कारण वर्षावास होता, आबा. तुम्हाला आठवतंच, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी चाळीच्या विहारात बुद्धाचा ग्रंथ वाचायचा. मी सतरा वर्षांची असताना तुम्हीच मला पुढं ढकललंत. वाचणारे बाप्ये होते चांगले, पण तुम्ही म्हणालात, "ही वाचेल." माझं लग्नही तीन खोल्या सोडून त्याच चाळीत झालं, त्यामुळे ती जागा माझ्याकडेच राहिली. पन्नासहून जास्त वर्षं. बाळंतपणं झाली, संप झाला, तुम्ही गेलात, चाळ पडली, विहार सोसायटीच्या हॉलमध्ये आला, वाचायला मीच.

यंदा पंधरा दिवस आधी मंडळाचा सेक्रेटरी घरी आला, सोसायटीचाही तोच. त्याच्या नामकरणाला मी जेवलेय. म्हणाला, "मावशी, यंदा आराम करा. ग्रंथाचं रेकॉर्डिंग मिळालंय, आवाज एकदम क्लिअर. स्पीकरवर लावू."

"आणि मी?"

"तुम्ही पुढच्या खुर्चीवर. मान तुमचाच."

"स्पीकरच्या बाजूला बसायचा मान?"

"रागावू नका ना. लोकं बोलतात, मावशींना दिसत नाही, पाठ म्हणतात म्हणून."

हे लागलं. लागलं, कारण थोडं खरं होतं. गेल्या वर्षी एका डोळ्यावर वाचताना दमले की मी पुष्कळदा आठवणीवरच पुढं जात होते. मी त्याला म्हटलं, "रविवारी हॉलमध्ये ये, कमिटी घेऊन ये. मला पाठ नसलेलं काहीतरी दे. वाचलं तर जागा माझी. नाही वाचलं तर तुझा स्पीकर लाव, मी टाळ्या वाजवेन."

रविवारी सगळी कमिटी आली, फुकटचा तमाशा म्हणून आणखी पंधरावीस जण. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि बोर्डावरची नोटीस काढून माझ्या हातात दिली. मी पंखा बंद करायला सांगितला, कागद फडफडत होता. खिडकीकडे पाठ करून बसले, पुठ्ठ्याची खिडकी लावली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की." इथपर्यंत कुणीही अंदाजानं म्हणेल. "इमारतीचे बाह्य रूप..." पुढचा शब्द फुटला. पहिलं 'वि' दिसलं, शेवटचं 'प' दिसलं, मधे काही नाही. कुणीतरी मागून शब्द सुचवायला लागलं, मी हात वर करून थांबवलं. मान कलली, पुठ्ठा बोटभर सरकवला, वर बघितलं, खाली बघितलं. सेक्रेटरीच्या चपलेची करकर ऐकू येत होती. मग आला. "विद्रूप होत असल्याने गॅलरीत व खिडकीबाहेर कपडे व चादरी वाळत घालू नयेत."

मी पुठ्ठा खाली ठेवला. "ही नोटीस माझ्यासाठी लावलीस ना रे?"

"मावशी, जनरल आहे."

"जनरल नाही, सोळाव्या मजल्याची आहे. चादरी आणखी कोण घालतं? बरं, वाचली. पाळायची की नाही ते नंतर बघू."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. तोही हसला, पण गडी हिशेबी, म्हणाला, "या स्पीडनं तर रोजचं एक पान होईल. तीन महिन्यांत ग्रंथ संपायचा नाही."

"नाही संपला तर पुढच्या आषाढ पौर्णिमेला तिथून पुढं. मी आहे."

"आणि स्पीकर?"

"माईकला जोड. आवाजही बारीक झालाय माझा."

पहिल्या संध्याकाळी पन्नास माणसं होती, आठवड्यानं पंचवीस राहिली. खोटं कशाला सांगू. मी एका शब्दावर अडले की पोरं चुळबुळतात, म्हातारे खोकतात. इंजेक्शनच्या दिवशी डोळा धुक्यात असतो, त्या संध्याकाळी त्यांनी रेकॉर्डिंग लावलं, मी घरी डोळा मिटून बसले. ती एक संध्याकाळ त्यांची. पण चौथ्या मजल्यावरची बाई एकदा निघताना म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही नुसत्या धावायचात. आता मधे थांबता, तेव्हा मला विचार करायला मिळतो." आश्विन पौर्णिमेला अर्धा ग्रंथही झाला नव्हता. मी पानात दोरा घातला आणि बंद केला. सेक्रेटरीनं हार आणला होता, तो ग्रंथाला घातला.

आता एक सांगायचं राहिलं, आणि ते सुनेलाही सांगितलेलं नाही. भाद्रपदात एका संध्याकाळी पुठ्ठ्याची खिडकी पानाच्या तळाशी आली आणि तिथं एक ओळ निघाली, जी मी जन्मात कधी वाचली नव्हती. छोटीशी ओळ, पान उलटायच्या जागेवरची. चांगल्या डोळ्यांच्या दिवसांत पुढचं पाठ असल्यामुळं हात आधीच पान उलटायचा, आणि ती राहायची. पन्नास वर्षं राहिली. तुम्ही भिंतीला टेकून पंधरा-सोळा वर्षं माझ्या समोर बसलात, ग्रंथ तुम्हाला माझ्याच तोंडून मिळाला, आणि ती ओळ तुम्हाला मी कधी दिलीच नाही. त्या संध्याकाळी मी ती दोनदा वाचली. लोकांना वाटलं डोळा अडला. वाटू दिलं.

या पत्राला पाकीट नाही, पत्ता नाही, आणि जे लिहिलं ते मला परत वाचायला दोन दिवस लागतील, तेव्हा चुका तशाच राहू द्या. उत्तर मात्र लवकर लिहा. लिहिता येत नाही, हे कारण सांगू नका. सगळ्यांची तब्येत थोडक्यात आटपा, आणि अक्षर मोठं काढा.

तुमची मोठी